दुसऱ्याचा दिवस

पहाटे ५.४०

आमच्या माधवनगरात रात्री लाइट गेली की माणसं जागी होतात. पंखा थांबला म्हणून नव्हे, यंत्रमाग थांबले म्हणून. खटाखट कानावर पडत असते तोवर झोप गाढ, आणि ती थांबली की पाळण्यातलं पोरही डोळे उघडतं. आज पहाटे तेच झालं. दहा मिनिटांत लाइट आली, माग सुरू झाले, पण माझी झोप गेली ती गेलीच.

उठून चहा ठेवला आणि पर्स भरली. डबा, पाण्याची बाटली, खडू आणि सुताराकडं असतो तसला पाच मीटरचा टेप. या टेपमुळं नवऱ्याच्या एका मित्राला कित्येक दिवस वाटत होतं, मी बांधकाम खात्यात आहे. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून मिरजेला दवाखान्यात व्यायाम घेती." मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुस्तकी मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. हा शब्द ऐकला की पेशंटचा भाऊ हमखास विचारतो, "म्हणजे धंद्याला लावणार का ह्यास्नी?"

त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी त्याचा व्यवसाय. दात घासणं, धार काढणं, देवाला फूल वाहणं, रात्री उठून लघवीला जाणं. आजारानं यातलं काय हिसकावून नेलं आणि त्यातलं काय परत मिळवता येईल, हे बघणं माझं काम.

सकाळी ७.४५

विश्रामबागेवरून मिरज. या गावाला दवाखान्यांची सवय जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज स्टँडवर उतरणाऱ्या दर दोन-चार माणसांत एकाच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं. मी नोकरी करते ते रुग्णालय यांतलं कुठलं, ते इथं महत्त्वाचं नाही.

ओपीडी नऊला उघडते. मी पावणेआठलाच वॉर्डात असते, कारण पेशंट कपडे बदलतो ते याच वेळेला. अकरा वाजता "हात वर करा, खाली करा" म्हणून जे कळत नाही, ते शर्ट घालताना दोन मिनिटांत कळतं.

बेड नंबर नऊ. आमच्याच माधवनगरचे अण्णा, वय ६२, यंत्रमाग कामगार. अकरा दिवसांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बऱ्यापैकी परत आलाय. चार पायांची काठी डाव्या हातात आणि सोबत एक माणूस, एवढ्यावर वॉर्डाच्या टोकापर्यंत चालतात. उजवा हात मात्र लोंबतो. आणि वाचा गेली आहे. राहिलाय तो एकच शब्द, "व्हय."

मावशी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना शर्ट घालत होत्या. आधी डावा हात बाहीत, मग लुळा उजवा हात मागं ओढून दुसऱ्या बाहीत. अण्णांचा चेहरा कळवळला.

"मावशी, उलटं करा. घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला."

त्यांनी तसं करून बघितलं. उजवी बाही खांद्यापर्यंत चढवली, शर्ट पाठीमागून फिरवला, आणि डावा हात अण्णांनी आपला आपणच घातला. खालची दोन बटणंही एका हातानं लावली.

"अगो बया," मावशी म्हणाल्या. "अकरा दिस मी उगंच झटापट केली."

उशाशी रबरी चेंडू पडला होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी दाबायला आणून दिलेला. तो मी काढून ठेवला. लकव्याच्या हाताची बोटं पुढं आपोआप मिटायला लागतात. त्यांना उघडायला शिकवायचं असतं, आणि चेंडू शिकवतो मिटायला.

निघताना रातपाळीच्या सिस्टरनी थांबवलं. "नऊ नंबर रात्री परत उठला. रोज अडीचच्या सुमाराला. कठडा ओलांडायला बघतो. नोटमध्ये 'गोंधळलेला' असं लिहिलंय. झोपेची गोळी मागू का?"

गोंधळलेला माणूस रोज घड्याळ लावल्यासारखा अडीचलाच का उठेल, हे माझ्या डोक्यात आलं. पण तेवढ्यात राउंड आला, आणि ते तिथंच राहिलं.

सकाळी ९.१५

राउंडला मोठे डॉक्टर, दोन निवासी डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवा विभागाचा माणूस आणि सगळ्यांच्या मागं मी.

"घरी जायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"बीपी आटोक्यात आहे, गिळता येतंय, चालतोय. उद्या सकाळी सोडू."

मी पुढं झाले. "अण्णा, अजून चार दिवस इथंच राहायचं का?"

"व्हय."

"तुमचं नाव पांडुरंग का?" त्यांचं नाव पांडुरंग नाही.

"व्हय."

डॉक्टर हसले नाहीत. समजूतदार आहेत. लकव्यात वाचा जाते तेव्हा पुष्कळदा 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, नाहीतर दोन्हींतलं एकच उरतं. अशा माणसाच्या होकारावर त्याला घरी पाठवणं म्हणजे त्याला न विचारताच पाठवणं.

"बार्थेल किती?" निवासी डॉक्टरनं विचारलं. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशा दहा कामांची ही मोजणी १९६५ सालापासून जगभर चालते. पूर्ण गुण १००.

"पंचावन्न. पण घराला उंबरा केवढा आहे ते बार्थेलमध्ये येत नाही. मला घर बघायला एक दिवस पाहिजे."

"बेड पाहिजे हो मॅडम. कॅज्युअल्टीत दोघं स्ट्रेचरवर आहेत." तेही खरं होतं. घासाघीस होऊन उद्या दुपारी चार ठरले. माझी तक्रार एका माणसाबद्दल नाही, सगळ्या पद्धतीबद्दल आहे. घरी सोडायची तयारी भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवी. मला मात्र बहुतेक वेळा कळतं ते आदल्या दिवशी.

निवासी डॉक्टर पोरगा हुशार आहे. पुढच्या बेडकडं जाताना त्यानं विचारलं, "घर बघून फरक पडतो याला पुरावा आहे का?"

त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णालयांच्या खर्चाची खाती आणि ३० दिवसांत परत भरती होणारे पेशंट यांची सांगड घालून पाहिली. हृदय कमकुवत झालेले, हार्ट अटॅकचे आणि न्यूमोनियाचे, अशा तिन्ही गटांत परत येणाऱ्यांचं प्रमाण कमी असण्याशी जोडलेलं खर्चाचं खातं एकच निघालं, ते ऑक्युपेशनल थेरपीचं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून मात्र वेगळा निकाल आला. सत्तरीच्या पुढच्या ४०० जणांपैकी निम्म्यांच्या घरी थेरपिस्ट जाऊन आले, निम्म्यांना रुग्णालयातच नीट विचारपूस करून सल्ला दिला. पुढं दोन्ही गटांत रोजची कामं करण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

"मग घरी कशाला जाता?"

"सगळ्यांच्या जात नाही. आधी विचारते. विचारून भागत नाही तिथं जाते."

सकाळी १०.३०

माझी विचारायची पद्धत म्हणजे चोवीस रेघांचा एक कागद. एक रेघ एका तासाची. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते भरून घ्यायचं.

ही सवय एका चुकीतून लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या एका गावात, मी एका आजींना घरी सोडलं होतं. न्हाणीत दांडी, संडासात दांडी, खाली न घसरणारी चटई, सगळं चोख. नवव्या दिवशी आजी परत आल्या, मनगट मोडून आणि मांडी भाजून. त्यांच्या घरी पाणी अंगणातल्या बंबात तापायचं, आणि पहाटे पाचला ती बादली न्हाणीपर्यंत आजीच न्यायच्या. न्हाणी मी मोजली होती. पाणी न्हाणीत येतं कुठून, ते विचारलं नव्हतं.

आज कागद भरायचा होता तो तासगावकडच्या २४ वर्षांच्या पोराचा. उजव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत सापडली. आपल्या भागात ही जखम नवी नाही. बोटं राहिली, तुटलेल्या शिरा, म्हणजे टेंडन, सर्जननी जोडल्या. मला हाताला स्प्लिंट करून द्यायची होती. प्लास्टिकचा खास पत्रा ६५-७० अंश गरम पाण्यात सोडायचा, पापडासारखा लुसलुशीत झाला की टॉवेलवर टिपायचा आणि हाताच्या पाठीवर बसवायचा. मनगट किंचित वाकलेलं, बोटं मुळाशी मुडपलेली. दोन मिनिटांत तो पत्रा कडक होतो आणि बोटांना सरळ ताणू देत नाही.

"पहाटे पाच?" मी कागद पुढं ओढला.

"धार."

"किती जनावरं?"

"तीन म्हशी. संध्याकाळी परत."

इथंच पेन थांबलं. मूठ आवळायचं धारेइतकं जोरकस काम दुसरं नाही. सहा आठवडे त्या शिरेवर जोर पडता कामा नये. घाई केली तर जोड सुटतो आणि ऑपरेशन पहिल्यापासून. 'जड काम करू नका' असं त्याच्या कार्डावर छापलेलंच होतं. पण धार त्याच्या लेखी जड काम नाहीच. जड म्हणजे पोती उचलणं.

"धार कोण काढणार?"

"मीच की. डाव्या हातानं काढीन, उजवा नुसता लावीन."

"नुसता लावायचाही नाही. दुसरं कोण आहे?"

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चुलत्याला सांगाय लागंल. पण बोलणं न्हाई आमचं."

कागदावर लिहिलं: पहाटे ५ व सायं. ५, चुलते. समाजसेवा विभागाच्या माणसाला चुलत्याचा फोन नंबर दिला. सर्जनचं तीन तासांचं काम टिकणार की नाही, हे आता एका भाऊबंदकीवर होतं.

सकाळी ११.३०

अथणीकडच्या आजी. खुब्याचं हाड मोडलं होतं, बॉल बदललाय. मिरजेत काम करायचं तर थोडं कानडी यावंच लागतं. "ऊट आय्ता, अज्जी?" एवढ्यावर आजी खुलतात, पुढचं मराठीत सांगतात.

त्यांचे नियम मोजके: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर नवा बॉल वाटीतून निसटतो. लेक सगळ्याला मान डोलावत होती. संडासावर ठेवायची उंच खुर्ची घेतलीय, पलंग उंच केलाय.

"सहा वाजता?"

"देवपूजा," आजी म्हणाल्या. "पाटावर बसून."

"आता खुर्चीवर बसून करायची."

"देव खाली आणि मी वर?" आजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं.

हा हट्ट नव्हे. साठ वर्षांची सवय आणि श्रद्धा 'नियम' म्हणून खोडता येत नाही. खोडली तर आजी आमच्यासमोर हो म्हणणार आणि घरी गेल्यावर पाटावर बसणार. मग तोड लेकीनंच काढली. देव उचलून भिंतीतल्या कोनाड्यात, छातीच्या उंचीवर. आजी खुर्चीवर बसल्या तरी देव त्यांच्या डोळ्यांच्या वर.

"कोनाड्यात दिवा ठेवायला जागा हाय का बग," आजी लेकीला म्हणाल्या. म्हणजे मान्य.

दुपारी १२.४५

डबा खाताना फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी समोर येऊन बसली. "मॅडम, तुमचं नि आमचं काम एकच ना?"

सख्खी भावंडं आहेत, एक नाही. तिचं खातं पाय उचलायला शिकवतं. उचललेला पाय कुठं न्यायचाय, ते माझ्या खात्यात येतं.

तिला हे शास्त्र आपल्याकडं कुठून आलं तेही सांगितलं. अमेरिकेत जन्मून लग्नानंतर निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाताईंनी १९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. देशातली पहिली. १९५२ साली थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. मी त्याच केईएममध्ये शिकले. पण कमलाताईंचं नाव पहिल्यांदा वाचलं ते मुंबईत नव्हे, आपल्या साताऱ्याच्या फलटणला, 'कमला निंबकर बालभवन' या शाळेच्या पाटीवर. तेव्हा वाटलं होतं, असतील कुणी शिक्षिका.

"मग सत्तर-पंचाहत्तर वर्षं होऊनही लोकांना माहीत कसं नाही?"

"आमचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. माणूस पडत नाही, परत येत नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही."

दुपारी २.१५

अण्णांचा थोरला पोरगा कुपवाडच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आला होता. त्याची मोटरसायकल पुढं, माझी स्कूटर मागं, परत माधवनगर. गंमत म्हणजे अण्णांचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. रोज ज्यांच्या आवाजात मी झोपते त्या मागांतला एखादा अण्णा चालवत असणार.

गल्ली चार फूट. उंबरा पाच इंच. दाराची मोकळी रुंदी सत्तावीस इंच.

"व्हीलचेअरची ऑर्डर देऊ का?" पोरगा म्हणाला. "दुकानदार अ‍ॅडव्हान्स मागतोय. आणि उंबरा फोडूनच टाकतो."

"थांब."

चढाचा हिशोब साधा आहे. एक इंच उंचीला बारा इंच उतार. पाच इंचांच्या उंबऱ्याला पाच फूट, आणि गल्ली चारच फुटांची. खुर्ची दारातून जेमतेम निघेल, पण वळणार कुठं? त्यात अण्णा चालतात. खुर्ची घरात आली की चालणारा माणूस बसतो, आणि बसलेला उठत नाही. ॲडव्हान्स वाचला.

उंबऱ्यासाठी फोन मावशींना लावला. तिकडून आवाज आला, "उंबऱ्याला हात लावायचा न्हाई. लक्ष्मीची वाट हाय ती."

मग उंबरा ठेवूनच मार्ग काढला. आत आणि बाहेर अडीच इंच उंचीची एकेक लाकडी पायरी, पक्की ठोकलेली. रुंदी एवढी की दोन्ही पावलं आणि काठी मावावी. पाच इंचांचे दोनदा अडीच झाले. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. आणि धरायला चौकटीवर उभी दांडी. चौकट जुनी, सागवानी. स्क्रू धरेल.

"डाव्या बाजूला एक दांडी. बरोबर ना?" पोरानं विचारलं.

"तू आतून बाहेर जा. डावा हात कुठं आला?"

तो गेला. हात एका चौकटीवर आला.

"आता बाहेरून आत ये."

आला, आणि उंबऱ्यातच थबकला. डावा हात आता समोरच्या चौकटीवर होता.

"आयला. दोन लागत्यात."

"दोन. एक लावली तर बाहेर गेलेला माणूस आत येताना पडेल."

संडास परसात, देशी. त्यावर मधे भोक असलेली कमोडची खुर्ची बसते. दार आत उघडत होतं. माणूस आत पडला तर दाराला अडूनच पडणार, आणि बाहेरून दार ढकलायचं म्हणजे त्याच्या अंगावर. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडायचं आणि आतली कडी काढायची. कॉट चौदा इंच. सकाळी वॉर्डात अण्णांच्या गुडघ्यामागपासून टाचेपर्यंत मोजलं होतं, सतरा. कॉटच्या पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे. विटा नकोत, त्या सरकतात. कॉटचं उशापायथंही बदलायचं, म्हणजे उठायची बाजू डावी येईल. कॉटपासून संडासापर्यंत वाट खडूनं आखली. नऊ पावलं. मधे शिलाई मशिन येत होतं, ते हललं.

आणि मग मान वर केली तेव्हा खिडकी दिसली. कॉटच्या वरच्या खिडकीला आतून जाड पुठ्ठा ठोकलेला, कडांना कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या. एवढ्या कोंदट खोलीत.

"खिडकी का बंद केलीय?"

"अण्णा दिवसा झोपत्यात. उजेड नको असतो."

"दिवसा?"

"रातपाळी. तीस वर्षं झाली, रातपाळीच."

पर्समधून अण्णांचा कागद काढला. मावशींनी सांगितलेला, मी लिहिलेला. '८ वाजता जेवण, मग झोप.' मी रात्रीच्या रेघेवर लिहिलं होतं. आठ सकाळचे होते. अख्खा कागद बारा तास उलटा भरला होता मी.

"रात्री अडीचला काय असायचं रे?"

"अडीचला? च्याची सुट्टी," पोरगा म्हणाला. "माग बंद करून समदी भाईर यायची. लघवी, च्या, तंबाकू. पंधरा मिनिटं."

वॉर्डात रोज रात्री अडीचला 'गोंधळलेला' माणूस कठडा ओलांडून चहाला निघत होता.

दुपारी ३.३०

माधवनगरात मागाचे सुटे भाग जोडून जोडून वेल्डर तयार झालेत. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर काढून दिलं. दीड इंची गोल पाइप, दीड फूट लांब, चौकटीपासून बोटं मावतील एवढी दूर, टोकं घासून गुळगुळीत.

"गेट न्हाई, ग्रिल न्हाई, एवढ्याशा दोन दांड्या?" तो म्हणाला. मग कुणासाठी ते कळलं. "अण्णांचं काम हाय व्हय? सांजच्याला लावतो."

महात्मा फुले योजनेत उपचार बसतात. उंबऱ्याजवळची दांडी बसत नाही. ती अशी बसते.

संध्याकाळी ४.४५

परत वॉर्ड. सिस्टरना सगळं सांगितलं. "अडीचला उठवून लघवीला न्या, अर्धा कप कोमट चहा द्या. गोळी नको."

"आधी सांगायचं की, मॅडम."

"मलाही आजच कळलं."

नोटमधल्या 'गोंधळलेला' या शब्दाखाली तारीख-वेळ घालून लिहिलं: तीस वर्षं रातपाळी. पहाटे २.३० ला उठण्याची सवय.

मग अण्णांच्या नावानं एक पान लिहिलं. डिस्चार्ज कार्डावर निदान, तपासण्या, गोळ्या असतात. हे पान त्याला टाचायचं. अक्षर मोठं, कारण वाचणार मावशी:

उजवा हात धरून ओढून उठवू नये. खांदा निसटतो.
शर्ट घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा.
उठताना डाव्या अंगानं. बसलं की पाय जमिनीला टेकलेत का बघावं.
उंबरा: चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. मागं एक माणूस.
रात्री झिरोचा बल्ब. काठी डावीकडं, काठीला घुंगरू.
अडीचला उठणार. रागावू नये. सोबत जावं.
खिडकीचा पुठ्ठा काढावा. दिवसा उजेडात बसवावं. रात्रीची झोप हळूहळू येईल, आठवड्यात येणार नाही.
"व्हय" म्हणाले तरी वस्तू दाखवून विचारावं.

पोरानं पान वाचलं. "घुंगरू मागाच्या आवाजात ऐकू येईल का?" विचारलं आणि स्वतःच हसला. "येईल. आईला मागाच्या आवाजात धागा तुटल्यालं कळतं."

अण्णांच्या घरातून निघताना मी एक रिकामी कांडी उचलून आणली होती, बाण्याचं सूत गुंडाळतात ती. मावशी आयुष्यभर कांड्या भरत आल्यात. घरी गेल्यावर कांड्या भरायच्या मशिनपासून लांब बसून, रिकाम्या कांड्या निवडून ट्रेमध्ये लावायचं काम अण्णांना देता येईल. डावा हात उचलेल, उजवा नुसता ट्रे दाबून धरेल. हा झाला व्यवसायोपचार.

कांडी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून बघितली, टोकावर अंगठा घासला, आणि मग डाव्या हातानं उजव्या तळव्यात ठेवून, एकेक बोट धरून, वर मूठ मिटली.

"तुमच्याच मागाची का?" मी विचारलं.

"व्हय."

बरोबर होतं की नाही, कुणास ठाऊक. मी कागदावर काही लिहिलं नाही.

संध्याकाळी ६.४०

निघता निघता समाजसेवा विभागाच्या माणसाचा फोन. तासगावच्या पोराचा चुलता पहिल्यांदा फोनवरच तडकला, मग पाच मिनिटांनी त्यानंच परत फोन केला. "म्हशींचा काय दोष? काढतो धार. पण त्याला म्हणावं, मला येऊन सांगायला पाहिजे होतं."

सांगलीत भाजी घेतली. वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या. घरी शिरताना सासूबाई उंबऱ्यापाशी चौकट धरून क्षणभर थांबल्या, मग पाय टाकला. रोजच थांबत असतील. मी आज बघितलं. स्वयंपाक झाल्यावर टेप काढला. साडेतीन इंच.

"आता घर पण मोजणार व्हय?" त्या म्हणाल्या.

रात्री ९.२०

अण्णांच्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. चौकटीला दोन्ही दांड्या लागल्या होत्या, वेल्डिंगचे काळे डाग अजून तसेच. आतली लाकडी पायरी बसली होती, बाहेरची सकाळी बसणार होती. खाली लिहिलं होतं, 'मी लोंबकळून बघितलं. हलत नाही.'

फोटो मोठा करून पाहिला. उजव्या दांडीवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. लावून दोन तास झाले नाहीत तोवर दांडी घराची झाली होती.

मी उत्तर पाठवलं: 'छान काम. टॉवेल काढा. उद्या रात्री अडीचला त्या दांडीला हात लागणार आहे.'

पलीकडून अंगठा आला. दिवा मालवला. बाहेर रातपाळीचे माग लागले होते.